चाळिशीनंतर सुटलेले पोट: आधी मोजावे, मग कारण शोधावे

परकराची नाडी हे मापाचे अत्यंत बेभरवशाचे साधन आहे. ती सैल करता येते, गाठ दोन बोटे पुढे सरकवता येते आणि उरलेले सारे निऱ्या झाकून टाकतात. सलवारीला इलॅस्टिक असते आणि घरात गाउन असतो, त्यामुळे पंचेचाळिशीच्या आसपास पोटाचा घेर वाढत असल्याचे अनेक स्त्रियांच्या लक्षात येते ते मापाने शिवलेला एखादा जुना कुर्ता कमरेवर अडकल्यावरच. वजनाच्या काट्यावर मात्र दोन-तीन किलोच वाढलेले दिसतात, कधी तेवढेही नाहीत. खाणे तेच, कामे तीच, मग हे आले कुठून, असा प्रश्न पडतो आणि घरातून उत्तर तयारच असते: वय झाले, पाळी जायची वेळ आली, आता हे होणारच.

हे उत्तर बऱ्याचदा बरोबर निघते. पण ज्यांच्या बाबतीत ते चुकते, त्यांच्या पोटात थायरॉइडच्या आजाराने साठलेले पाणी, गर्भाशयातील गाठ, अंडाशयाचा कर्करोग किंवा चक्क गर्भ असू शकतो, आणि त्यांचाही वेळ ‘होणारच’ या एका शब्दात निघून जातो. म्हणून आहार बदलण्याआधी आणि व्यायामाचे पैसे भरण्याआधी घेर मोजावा, आणि वाढले आहे ते नेमके काय, हे पाहावे.

टेप कुठे धरावी

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप पुरेशी आहे. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि कपड्यावरून नव्हे तर उघड्या अंगावर माप घ्यावे. कुशीला बोटांनी चाचपून सर्वांत खालची बरगडी शोधावी, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधावा आणि या दोहोंच्या बरोबर मध्यावर टेप जमिनीला समांतर राहील अशी गुंडाळावी. आपण परकर बांधतो ती जागा बहुतेकींच्या बाबतीत याच्या खाली असते, त्यामुळे तिथले माप ग्राह्य धरू नये. श्वास सहज सोडावा आणि तो सुटताच आकडा वाचावा. आरशासमोर उभे राहिले की पोट आपोआप आत ओढले जाते, तेव्हा आरसा टाळलेलाच बरा. दोनदा मोजावे, आणि एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा.

भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची मर्यादा मानली जाते, आणि ७२ सेंटिमीटरपासूनच सावध व्हावे असे भारतीय तज्ज्ञांनी सुचवलेले आहे. अमेरिकेत रूढ असलेली ८८ सेंटिमीटरची मर्यादा आपल्याला लावू नये, कारण तितक्याच वजनाच्या भारतीय देहात स्नायू कमी आणि आतड्यांभोवतीची चरबी जास्त असते. याच कारणाने आपल्याकडे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. आकडे लक्षात राहत नसतील तर आपल्या उंचीच्या निम्म्याहून घेर कमी असावा, एवढे ध्यानात ठेवावे. १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी ही मर्यादा ७६ सेंटिमीटर येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कमरेचा घेर पहिल्यांदाच मोजला गेला, तेव्हा १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ४० टक्के स्त्रिया ८० सेंटिमीटरच्या मर्यादेपलीकडे निघाल्या आणि पुरुष त्यांच्यासाठीच्या मर्यादेपलीकडे केवळ १२ टक्के. या वयोगटातल्या बहुसंख्य स्त्रियांची पाळी चालू असते, हे पाहता सगळा दोष पाळी जाण्यावर टाकता येणार नाही.

घेर आठवड्यातून एकदाच मोजावा, रोज मोजून मन खट्टू करून घेऊ नये. दुधाचा हिशेब मांडतो त्या कॅलेंडरवरच चार गोष्टी लिहाव्यात: घेर, पाळीची तारीख, रात्री किती वेळा जाग आली, आणि नवे सुरू झालेले कोणतेही औषध. ही तीन महिन्यांची नोंद डॉक्टरांपुढे ठेवली तर ‘हल्ली फार वाढलेय हो’ या वाक्यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

पोटात वाढले आहे काय

पोट मोठे दिसण्यामागे चरबी, वारा, पाणी आणि गाठ असे चार वेगळे प्रकार असू शकतात, आणि स्नायू सैल पडणे हा पाचवा. अंथरुणावर उताणे पडून, गुडघे दुमडून, तळहात पोटावर फिरवला तर यातील बरेच काही घरीच कळते. कातडीखालची चरबी मऊ असते, चिमटीत येते आणि झोपल्यावर दोन्ही कुशींकडे ओघळते. आतड्यांभोवतीची चरबी चिमटीत येत नाही. ती असली की पोट उभ्यानेही आणि झोपूनही घट्ट, घागरीसारखे गोल दिसते. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त संबंध आहे तो या आतल्या चरबीचा. तिच्यासोबत मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा दिसत असेल तर तो मळ समजून घासत बसू नये. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते.

वाऱ्याने फुगणारे पोट सकाळी सपाट आणि रात्री टम्म असते, म्हणजे एकाच दिवसात त्याचे माप बदलते. चरबी अशी ये-जा करत नाही. पाण्याने फुगलेल्या पोटात दोन्ही कुशी बाहेर येतात, कूस बदलली की जडपणा त्या बाजूला सरकतो आणि पायांवर सूज दिसते. त्याचे मूळ यकृतात, हृदयात, मूत्रपिंडात किंवा कर्करोगात असू शकते. ओटीपोटात हाताला टणक, गोलसर काही लागत असेल आणि ते कुशीकडे ओघळत नसेल, तर गर्भाशयातील फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ) किंवा अंडाशयातील गाठ असण्याची शक्यता धरून सोनोग्राफी करावी. पाळी गेल्यावर फायब्रॉइड सहसा आक्रसतात, त्यामुळे त्यानंतर वाढणारी गाठ अधिक काळजीची.

उताणे पडून फक्त डोके उचलले आणि पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा आला, तर बाळंतपणांत एकमेकांपासून दूर गेलेले पोटाचे दोन स्नायू अजून जवळ आलेले नाहीत, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. सिझेरियनच्या टाक्यापाशी फुगवटा येत असेल तर हर्निया असू शकतो. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमुळे पोट सुटले, असे आपल्याकडच्या दोन पिढ्या मानत आल्या आहेत. त्या ऑपरेशनमध्ये केवळ गर्भनलिका बंद करतात, अंडाशयाला हात लागत नाही आणि हार्मोन होते तसेच राहतात. ऑपरेशनआधीची दोन-तीन बाळंतपणे मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

हार्मोनचा वाटा किती

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६–४७ व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. त्याआधीची चार ते आठ वर्षे पाळी पुढे-मागे होण्याची असतात आणि पोटाचा बदल याच काळात सुरू होतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असेपर्यंत शरीर चरबी मांड्या आणि नितंबांवर ठेवते. ते घटू लागले की तीच चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात दिसले की या संक्रमणाच्या आरंभी चरबी साठण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, स्नायू घटू लागतात आणि शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हे थांबते. काटा का हलत नाही, याचे उत्तर इथे आहे: चरबी चढली, स्नायू उतरले आणि बेरीज जवळपास तीच राहिली.

मात्र एकूण किलो वाढतात ते मुख्यतः वयाने, वर्षाला सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास, आणि ते याच वयाच्या पुरुषांचेही वाढतात. हार्मोन चरबीची जागा बदलतात. सहा महिन्यांत दहा किलो चढले असतील तर ते केवळ त्यांच्या माथी मारून गप्प बसू नये.

ज्यांची गर्भपिशवी काढलेली आहे त्यांनी एक कागद आवर्जून शोधावा, तो म्हणजे डिस्चार्ज कार्ड. पिशवीसोबत दोन्ही अंडाशये काढली असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी, एका झटक्यात येते, मग वय ३२ का असेना. आणि तिचे परिणामही तितकेच तीव्र असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. आपले नेमके काय काढले आणि काय ठेवले हे माहीत नसलेल्या स्त्रिया आपल्या नात्यागोत्यातही सापडतात. ४५ वर्षांच्या आत पाळी गेलेल्यांनी, कारण काहीही असो, हाडे आणि हृदय यांच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे.

डॉक्टरांकडे जाताना

सर्वांत आधी, पाळी चुकलेली असेल तर मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर लघवीची गर्भचाचणी करावी, मग वय ४४ असो वा ४८. पाळी गेली असे समजून बेसावध राहणाऱ्यांची संख्या कमी नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत झाली असेल तर पुढे दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर झाली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे लागते.

काही लक्षणांत तीन महिन्यांची नोंद होईपर्यंतही थांबू नये. पोट सतत फुगलेले राहणे, दोन घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावे लागणे यांपैकी काहीही नव्याने सुरू होऊन महिन्यात १२ हून अधिक दिवस होत असेल, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शंका दूर करून घ्यावी. त्यासाठी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी सांगतात. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘गॅसेस’ सुरू झाले असतील, तर ओव्याची फक्की मारून महिने काढू नयेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागसुद्धा तपासून घ्यायचा असतो. पोट वाढत असताना हातपाय आणि चेहरा रोडावणे, भूक जाणे किंवा शौचातून रक्त जाणे यांनाही हेच लागू आहे.

चेहरा गोल आणि लालसर होणे, पोट वाढून दंड-मांड्या काटकुळ्या होणे, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे उमटणे, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडणे आणि जमिनीवरून हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता न येणे, हे चित्र कॉर्टिसोल हे हार्मोन वाढल्याचे असते. हा आजार शरीरात आपोआप क्वचितच होतो. पोटात गेलेल्या स्टेरॉइडमुळे मात्र तो कितीतरी अधिक वेळा होतो. गुडघेदुखीवर ‘एकदम गुण येणारी’ बिननावाची पुडी किंवा काळ्या गोळ्या घेत असाल तर लाज न बाळगता ती पुडीच डॉक्टरांसमोर ठेवावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळते. ती एकाएकी बंद मात्र करू नये. बऱ्याच काळापासूनचे स्टेरॉइड अचानक थांबले तर जिवावर बेतू शकते. इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची व फिट्सवरची काही औषधे आणि रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर प्रकारची औषधे यांनीही वजन वाढते, म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्याव्यात.

तपासण्या मोजक्या पुरतात: थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या, हिमोग्लोबिन, आणि गरज वाटल्यास पोटाची व ओटीपोटाची सोनोग्राफी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मात्र लोहाच्या कमतरतेने हा आकडा फसवा वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन शेजारी ठेवूनच तो वाचावा. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन सहसा काही किलोचेच असते आणि त्यात पाण्याचा व क्षाराचा भाग मोठा असतो, त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पंधरा किलो उतरतील अशी आशा धरू नये. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर ती टीएसएचचा आकडा बिघडवू शकते; रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी.

‘संपूर्ण हार्मोन पॅकेज’ या नावाने मिळणाऱ्या महागड्या तपासण्यांबद्दल माझे मत चांगले नाही, आणि ते अनुभवातून बनलेले आहे. ४७ व्या वर्षी मी असे पॅकेज घेतले, त्यात पाळी जाताना वाढणारे एफएसएच हे हार्मोन अगदी तरुण मुलीसारखे आले आणि रजोनिवृत्तीला अजून अवकाश आहे असे मला सांगण्यात आले. आठ महिन्यांनी पाळी थांबली ती पुन्हा आलीच नाही. या काळात एफएसएच एका आठवड्यात वर आणि पुढच्या आठवड्यात खाली असते, म्हणूनच ४५ नंतर निदान लक्षणांवरून आणि पाळीच्या नोंदीवरून करतात. कॉर्टिसोलचेही तसेच आहे; दुपारी कधीतरी काढलेल्या रक्तातल्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही, त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात आणि त्या तज्ज्ञांनी सांगितल्यावरच कराव्यात.

ताट, स्नायू आणि झोप

गंभीर कारण नाही असे ठरले की उरते ते आतली चरबी घटवणे आणि स्नायू टिकवणे, आणि ही दोन्ही कामे एकदमच करायची असतात. नुसते खाणे तोडले तर चरबीसोबत स्नायूही जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. या वयात स्नायू टिकवण्यासाठी ती एक ग्रॅमपर्यंत न्यावीत, असे मला योग्य वाटते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम हवीत. आता तिच्या ताटात काय पडते ते पाहू. ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, तेवढ्याच मटकीच्या उसळीतूनही साधारण तितकीच, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून सहा-सात, ज्वारीच्या एका भाकरीतून पाचच्या आसपास. पण घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला आमटीच्या पातेल्यातला गाळ नव्हे, वरचे पाणी येते. आणि त्यासोबत येतो मुलांनी ताटात ठेवलेला, टाकवत नाही म्हणून संपवलेला मूठभर भात. दिवसाचा हिशेब बिघडतो तो नेमका इथे. आपली उसळीची वाटी सर्वांना वाढण्याआधी बाजूला काढून ठेवावी. मी सांगितलेल्या उपायांत सर्वांत जास्त विरोध होतो तो यालाच, आणि तोही बायकांकडूनच.

उपवासाच्या दिवशी कमी खाल्ले जाते हा समज साबुदाण्याने खोटा ठरवलेला आहे. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतात. वर तूप आणि बटाटा. उपवास सोडायचा नसेल तर राजगिरा, दूध, ताक, फळे आणि मूठभर शेंगदाणे यांवर तो करावा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसात चारदा झाला तर केवळ साखरेच्या दीडशेहून अधिक कॅलरी होतात. तेल दिवसाला माणशी चार-पाच छोटे चमचे पुरते. किती जाते ते पाहायचे असेल तर महिन्याचा डबा माणसांच्या संख्येने भागावा. रात्रीचे जेवण लवकर उरकून पंधरा मिनिटे शतपावली करावी, जेवणानंतर चढणारी साखर तिने खाली येते.

‘मी दिवसभर पायावरच असते’ हे खरे असले तरी त्याने स्नायू वाढत नाहीत, कारण स्नायूला हवे असते ते दर खेपेस जरा वाढणारे वजन. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, हात न टेकता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठावे-बसावे, भिंतीवर तळहात टेकून दंड काढावेत, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात, आणि प्रत्येक प्रकाराचे दोन-तीन फेरे करावेत. बारा सहज जमू लागले की वजन वाढवावे. याखेरीज आठवड्याला किमान १५० मिनिटे इतके झपाझप चालावे की बोलता येईल पण गाता येणार नाही. केवळ पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जात नाही, आणि घाम काढणाऱ्या पट्ट्याने उतरते ते पाणी.

रात्री अंगातून वाफा येऊन तीनदा जाग येत असेल तर दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते आणि चालायला जाण्याचे त्राण राहत नाही. अशांना हार्मोन उपचाराचा विचार करता येतो. तो वजन उतरवण्याचा उपचार नव्हे. वाफा आणि झोप यांवर तो उत्तम चालतो, आणि तो साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू करणे इष्ट मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना तो सहसा देत नाहीत, आणि गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. घोरणे नव्याने सुरू झाले असेल, झोपेत श्वास अडकतो असे नवऱ्याने किंवा मुलीने सांगितले असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यावर हा त्रास वाढतो. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही वजनावरची इंजेक्शने आता आपल्याकडे मिळतात व ती परिणामकारकही आहेत, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि वर सांगितलेल्या प्रथिने-व्यायामासह घ्यावीत, अन्यथा स्नायूही झिजतात.

सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसतो. कॅलेंडरवर घेराचा आकडा मात्र वजनाआधी हलू लागेल, म्हणून काटा नव्हे, टेप पाहावी. आणि मनापासून तीन महिने पाळूनही घेर वाढतच राहिला, किंवा वजन उतरत असताना पोट मात्र पुढे येत गेले, तर पूर्वीचे रिपोर्ट नॉर्मल होते या समजुतीवर न राहता तेच कॅलेंडर घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि सोनोग्राफी झालेली नसेल तर ती मागून घ्यावी.